ट्रॅक्टर, ट्रॉली व पिकअपचा विमा : कोटेशनची तुलना आणि संरक्षणाचे प्रकार

पीकविम्यात आपल्याला कंपनी निवडता येत नाही. जिल्ह्यासाठी एक कंपनी नेमलेली असते, विमा संरक्षित रक्कम पिकानुसार ठरलेली असते आणि अटी सर्वांना सारख्या असतात. वाहन विम्यात तसे नाही. कंपनी कोणती, रक्कम किती, कोणते संरक्षण घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे वाहनमालकाने ठरवायचे असते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक शेतकरी हा निर्णय शोरूमवर किंवा एजंटवर सोडतात. दोन-तीन ठिकाणचे आकडे विचारले तरी "कमी कुठे बसते" एवढेच पाहिले जाते.

कमी आकड्याच्या कोटेशनमध्ये बहुधा काहीतरी वगळलेले असते. ते ट्रॉली असू शकते, चालक असू शकतो किंवा वाहनाची किंमतच कमी धरलेली असू शकते. वर्षभर काही झाले नाही तर हे लक्षात येत नाही. अपघात झाला की मात्र भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ मध्ये आहे. त्यामुळे दोन-तीन हजार रुपयांची बचत सातबाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. या लेखात विम्याचे प्रकार, कोटेशनमधील प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि तुलना करण्याची पद्धत दिली आहे.

विम्याचे मुख्य प्रकार

१) थर्ड पार्टी विमा (तृतीय पक्ष)

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी हा विमा सक्तीचा आहे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्या माणसाचा मृत्यू झाला, त्याला दुखापत झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई यातून दिली जाते. आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा एक रुपयाही यातून मिळत नाही.

- मृत्यू किंवा दुखापतीच्या दाव्यात न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम विमा कंपनी देते.
- मालमत्तेच्या नुकसानीसाठी चारचाकी व व्यावसायिक वाहनांना सर्वसाधारणपणे ७.५ लाख रुपयांपर्यंत, तर दुचाकीला १ लाख रुपयांपर्यंत मर्यादा असते. हप्ता थोडा कमी करण्यासाठी ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणता येते. ती तशी आणलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.
- विमा नसताना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड होऊ शकतो.

या विम्याचा हप्ता कंपनी ठरवत नाही. तो केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते आणि सर्व कंपन्यांना सारखाच असतो. उदाहरणार्थ, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये आणि त्यावरील कारला ७,८९७ रुपये असा मूळ हप्ता आहे. भाड्याने माल वाहणाऱ्या, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकीला १६,०४९ रुपये आहे. म्हणून एखादा एजंट "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असे सांगत असेल तर सावध व्हावे. एक तर त्याने वाहनाचा वर्ग चुकीचा धरला आहे किंवा पॉलिसीच खोटी आहे.

२) स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा

याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ओडी' म्हणतात. अपघात, आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, तसेच वाहन रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना होणारे नुकसान यात येते. शेतात बांधावरून ट्रॅक्टर उलटला किंवा उभ्या ट्रॅक्टरला गंजीच्या आगीची झळ लागली तर हाच विमा उपयोगी पडतो. याचा हप्ता प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. म्हणजेच कोटेशनमधील खरी स्पर्धा इथे असते.

३) पॅकेज किंवा सर्वसमावेशक विमा

वरील दोन्ही एकत्र घेतले की पॅकेज पॉलिसी होते. गावात यालाच 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात. 'फुल' या शब्दामुळे सगळे काही भरून मिळेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, वाहन बंद राहिल्याने बुडालेले भाडे, परवाना नसताना किंवा मद्यपान करून चालवताना झालेले नुकसान आणि पॉलिसीत लिहिलेल्या वापराबाहेरचा वापर, हे यात कधीच येत नाही.

४) मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा

मालक स्वतः वाहन चालवत असताना अपघातात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण आहे. यासाठी दोन अटी आहेत : वाहन मालकाच्या नावावर असावे आणि मालकाकडे वैध वाहन परवाना असावा.

इथे शेतकरी कुटुंबात हमखास घोळ होतो. महाडीबीटीवरून अनुदान घेताना ट्रॅक्टर आईच्या, पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावावर घेतला जातो आणि चालवतो मुलगा. अशा वेळी हे १५ लाखांचे संरक्षण मुलाला लागू होत नाही. नावावर असलेल्या व्यक्तीकडे परवाना नसेल तर तिच्यासाठीही त्याचा उपयोग नाही. प्रत्यक्ष चालवणाऱ्या घरच्या माणसासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात. हे अनुदान म्हणजे कुटुंबाला तातडीचा आधार आहे. वाहन विम्याला तो पर्याय नाही, कारण समोरच्या जखमी माणसाची भरपाई त्यातून होत नाही.

ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीचा विमा का हवा?

कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी काढली म्हणजे ट्रॉली आपोआप त्यात येत नाही. ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक किंवा चेसिस क्रमांक पॉलिसीवर छापलेला असेल आणि तिचा थर्ड पार्टी हप्ता भरलेला असेल तरच ती विम्यात आहे असे समजावे. ऊस वाहतुकीत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. दोन्हींची नोंद वेगवेगळी हवी.

दुसरा प्रश्न ट्रॉलीत बसणाऱ्या मजुरांचा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात शेतीकामासाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर वीटभट्टीसाठी माती वाहत होता, ट्रॉलीचा विमा नव्हता आणि ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला होता. विमा कंपनीवर कायदेशीर जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजुराची परिस्थिती पाहून कंपनीने आधी रक्कम द्यावी, पण नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे मजुराला पैसे मिळाले तरी शेवटी ते मालकाच्या खिशातून गेले. 'आधी द्या, मग वसूल करा' हा आदेश मालकाची सुटका करत नाही, हे लक्षात ठेवावे.

यावरून तीन गोष्टी पाळाव्यात.

- ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे नेण्यासाठी नाही. भरलेल्या उसावर, मोकळ्या ट्रॉलीत किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणालाही बसवू नये. ट्रॅक्टरला आसन एकच असते. मडगार्डवर बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी नाकारू शकते.
- पगारी चालकासाठी 'कायदेशीर दायित्व' हे जोड संरक्षण घ्यावे. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. भरणी-उतरणीच्या मजुरांसाठी असे संरक्षण मिळते का, हे कंपनीला लेखी विचारावे आणि मिळाल्यास माणसांची संख्या पॉलिसीवर छापून घ्यावी.
- वापराचा प्रकार खरा सांगावा. स्वतःच्या शेतीपुरता ट्रॅक्टर आणि कारखान्याशी करार करून ऊस वाहणारा, मुरूम-वाळू भाड्याने टाकणारा ट्रॅक्टर यांची जोखीम वेगळी आहे. हप्ता वाचवण्यासाठी 'फक्त शेतीकाम' असे लिहून घेतले आणि अपघात भाड्याच्या खेपेत झाला, तर दावा अडतो.

कोटेशन कसे वाचावे?

आयडीव्ही (वाहनाची विमा घोषित किंमत)

वाहन चोरीला गेले किंवा दुरुस्तीपलीकडे गेले तर कंपनी देणार असलेली ही कमाल रक्कम आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर वाहन पूर्ण नुकसानीत धरले जाते. आयडीव्ही काढताना त्याच मॉडेलच्या कंपनीने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करतात :

- ६ महिन्यांपर्यंत : ५ टक्के
- ६ महिने ते १ वर्ष : १५ टक्के
- १ ते २ वर्षे : २० टक्के
- २ ते ३ वर्षे : ३० टक्के
- ३ ते ४ वर्षे : ४० टक्के
- ४ ते ५ वर्षे : ५० टक्के
- ५ वर्षांपुढे : मालक व कंपनी यांच्या संमतीने

हप्ता कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही खाली आणणे. म्हणून कोटेशन हातात आले की सर्वप्रथम हा रकाना पाहावा. आयडीव्ही गरजेपेक्षा जास्त धरण्यातही फायदा नाही. हप्ता वाढतो आणि दाव्याच्या वेळी वाद होतो.

सुट्या भागांवरील घसारा

अपघातानंतर दुरुस्तीचे बिल पूर्ण मिळत नाही. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के घसारा कापतात. काचेवर काही कापत नाहीत. लोखंडी भागांवर वयानुसार कपात होते : ६ महिन्यांपर्यंत नाही, १ वर्षापर्यंत ५ टक्के, २ वर्षांपर्यंत १०, ३ वर्षांपर्यंत १५, ४ वर्षांपर्यंत २५, ५ वर्षांपर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५० टक्के.

उदाहरण : साडेतीन वर्षांच्या ट्रॅक्टरचे बिल असे आहे : लोखंडी भाग ४०,००० रुपये, रबर-प्लॅस्टिक व बॅटरी १०,००० रुपये, मजुरी १२,००० रुपये, एकूण ६२,००० रुपये. कंपनी लोखंडी भागांचे ३०,०००, रबर-प्लॅस्टिकचे ५,००० आणि मजुरीचे १२,००० असे ४७,००० रुपये धरेल. त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट जाईल. उरलेले १५,००० रुपये आणि वजावटीची रक्कम मालकाची.

झिरो डेप

वर सांगितलेला घसारा न कापता रक्कम देणारे हे जोड संरक्षण आहे. नव्या कारला ते सहज मिळते. ट्रॅक्टर किंवा पिकअपसाठी मिळते का, किती वयापर्यंत आणि वर्षातून किती दाव्यांना, हे विचारून घ्यावे. वाहन पहिल्या काही वर्षांत असेल तर याचा विचार जरूर करावा.

आयएमटी २३

ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो अशा वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान मूळ संरक्षणात येत नाही. ते हवे असेल तर आयएमटी २३ हे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. ट्रॅक्टर उलटला किंवा धडकला की सर्वांत आधी हेच भाग तुटतात. तरीही कोटेशनमधून हे कलम गुपचूप गाळले जाते. पॉलिसीवर 'आयएमटी २३' असा उल्लेख आहे का, ते तपासावे.

एनसीबी (दावा न केल्याची सूट)

वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ओडी हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग वर्षांनी ती २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत जाते. थर्ड पार्टी हप्त्यात ही सूट नसते.

- कंपनी बदलली तरी एनसीबी कायम राहते. मागची पॉलिसी दाखवावी.
- पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही तर सूट जाते.
- सूट वाहनाची नसून मालकाची असते. जुने वाहन विकून त्याच प्रकारचे नवे घेतल्यास ती नव्या वाहनाला लावता येते. जुने वाहन विकत घेणाऱ्याला ती मिळत नाही.
- मागील वर्षी दावा केलेला असताना एनसीबी लावून घेऊ नये. ही खोटी माहिती ठरते आणि मोठा दावा अडू शकतो. एजंटने न विचारता लावली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावी.

किरकोळ नुकसानीचा दावा करण्याआधी हिशेब करावा. ओडी हप्ता ५,००० रुपये आणि एनसीबी ३५ टक्के असेल तर वर्षाला १,७५० रुपये वाचतात. दोन-अडीच हजारांच्या कामासाठी दावा केला तर वजावट व घसारा जाऊन हातात थोडेच पडते आणि साठवलेली सूट शून्यावर येते.

दोन कोटेशनची तुलना : एक उदाहरण

खालील हप्त्यांचे आकडे पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ट्रॅक्टर साडेतीन वर्षांचा आहे आणि त्या मॉडेलची जाहीर किंमत ८ लाख रुपये आहे. ४० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही ४,८०,००० रुपये येते. ट्रॉलीची किंमत ८०,००० रुपये आहे.

कोटेशन १
- आयडीव्ही : ३,८०,००० रुपये
- ओडी हप्ता : ३,४०० रुपये
- ट्रॉली : नाही
- आयएमटी २३ : नाही
- पगारी चालक : नाही

कोटेशन २
- आयडीव्ही : ४,८०,००० रुपये
- ओडी हप्ता : ४,९०० रुपये
- ट्रॉली (किंमत ८०,०००) : ९०० रुपये
- आयएमटी २३ : ७३५ रुपये
- पगारी चालक : ५० रुपये
- बेरीज : ६,५८५ रुपये

थर्ड पार्टीचे हप्ते आणि जीएसटी सोडून दोन्हींत ३,१८५ रुपयांचा फरक दिसतो. पहिले स्वस्त वाटते. पण ट्रॅक्टर चोरीला गेला तर पहिल्यात १ लाख रुपये कमी मिळतील. ट्रॉली उलटून कोणी जखमी झाले तर भरपाईचा बोजा मालकावर येईल. दिवे-मडगार्ड तुटले तर काहीच मिळणार नाही.

अशा वेळी पहिल्या कंपनीकडून पुन्हा कोटेशन मागावे : आयडीव्ही ४,८०,०००, ट्रॉलीसह, आयएमटी २३ व चालकासह. मग बेरीज ६,५८५ पेक्षा कमी आली तर ते खरोखर स्वस्त. जास्त आली तर आधीचा कमी आकडा केवळ वगळण्यामुळे होता, हे स्पष्ट होते. सारख्या संरक्षणाची सारख्या संरक्षणाशी तुलना करणे, हाच एक नियम आहे.

कोटेशन मागताना या गोष्टी सर्व कंपन्यांना एकाच कागदावर लिहून द्याव्यात :

१. वाहनाचे मॉडेल, नोंदणीचे वर्ष, ट्रॉल्यांची संख्या व क्रमांक
२. हवी असलेली आयडीव्ही
३. वापर : स्वतःची शेती की भाड्याने
४. चालक व मजुरांची संख्या
५. आयएमटी २३ व झिरो डेप हवे की नको
६. मागील एनसीबी व मागील दावे
७. हप्ता जीएसटीसह व जीएसटीविना, दोन्ही आकडे वेगळे

हप्त्याखेरीज दोन गोष्टी पाहाव्यात. एक, जवळच्या तालुक्याच्या गावी कंपनीचे कार्यालय किंवा कॅशलेस सोय असलेले वर्कशॉप आहे का. दुसरे, सर्व्हेअर किती दिवसांत येतो, हे त्याच कंपनीकडे दावा केलेल्या शेजाऱ्याला विचारावे.

पिकअप व कारबाबत विशेष

- वाहनातला माल : भाजीपाला, द्राक्षे, दूध किंवा खते घेऊन जाणारे पिकअप उलटले तर वाहनाची भरपाई मिळते, मालाची नाही. आत भरलेला माल थर्ड पार्टी विम्यातही येत नाही. त्यासाठी वेगळा वाहतूक विमा लागतो.
- परवाना : हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे केवळ या कारणावरून पिकअपचा दावा नाकारता येत नाही. परवाना मुदतीत असणे मात्र आवश्यक आहे.
- खासगी कार भाड्याने : पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन प्रवासी नेत असताना अपघात झाला तर दावा अडतो.
- पाण्यात अडकलेले वाहन : पुराच्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. पाणी आत ओढले जाऊन इंजिन निकामी झाल्यास कंपनी ते परिणामी नुकसान मानून नाकारू शकते. नदीकाठच्या गावांनी इंजिन संरक्षणाचे जोड कलम घ्यावे.
- अवजारे : रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ब्लोअर यांची किंमत ट्रॅक्टरच्या आयडीव्हीत धरलेली नसते. महागड्या अवजारांचा विमा स्वतंत्रपणे विचारावा.

पॉलिसी हातात आल्यावर तपासणी

- नाव, इंजिन व चेसिस क्रमांक आरसी बुकाशी जुळवावा. एका अंकाची चूकही दाव्यात अडचण करते.
- बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असल्यास त्याची नोंद असते. पूर्ण नुकसानीची रक्कम आधी कर्जाकडे वळते. कर्ज फिटल्यावर ही नोंद पॉलिसीवरूनही काढून घ्यावी.
- पॉलिसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर आणि वाहनाचा विमा एम-परिवहन ॲपवर दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर एजंटला नव्हे, थेट कंपनीला विचारावे.
- जुने वाहन घेतल्यास १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. थर्ड पार्टी संरक्षण वाहनाबरोबर येते, पण ओडी संरक्षण नावावर झाल्याशिवाय मिळत नाही.
- शोरूम किंवा कर्ज देणारी संस्था सांगेल त्याच कंपनीचा विमा घेण्याचे बंधन नाही.

अपघात झाल्यास

१. जखमींना आधी दवाखान्यात हलवावे. मृत्यू, दुखापत किंवा चोरी असल्यास पोलिसांत तातडीने खबर द्यावी.
२. वाहन हलवण्याआधी चारही बाजूंनी, रस्त्यासह व नंबर दिसेल असे फोटो काढावेत.
३. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. उशीर हे दावा अडवण्याचे नेहमीचे कारण ठरते.
४. सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये. तुटलेले भाग जपून ठेवावेत.
५. चालक कोण होता, हे खरे सांगावे. परवाना असलेल्या दुसऱ्याचे नाव पुढे करू नये. पोलिस कागदपत्रांत ते उघड होते आणि पूर्ण दावा जातो.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते मान्य नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क लागत नाही आणि वकिलाची गरज नसते. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधीच्या गटबैठकीत खत व्यवस्थापनासोबत विम्याला पंधरा मिनिटे द्यावीत. प्रत्येकाला आपली पॉलिसी आणायला सांगावी आणि पाचच प्रश्न विचारावेत : पॉलिसीवर ट्रॉलीचा क्रमांक आहे का? वापर काय लिहिला आहे? चालकाचे संरक्षण आहे का? आयएमटी २३ आहे का? मुदत कधी संपते? ज्याचे उत्तर 'नाही' येईल त्याने नूतनीकरणाची वाट पाहू नये. ट्रॉली किंवा चालकाची नोंद चालू पॉलिसीतही जादा हप्ता भरून करून घेता येते का, हे कंपनीला विचारावे आणि ती नोंद झाल्यावरच ट्रॉली रस्त्यावर काढावी.